उदयनं झोपून केलेला सिनेमा

माझ्या धाकट्या भावानं आयुष्यात एकच सिनेमा केला आणि तोही सगळा झोपून. टोमणा नाही मारत, सिनेमाच तसा होता. ‘पाहुणा उठेना’ त्याचं नाव. शहाऐंशी साली मुंबईत लागला, तीन आठवड्यांत उतरला. पण त्याची व्हिडिओ कॅसेट आमच्याकडे लंडनला आली आणि इथल्या मराठी घरांतून अशी काही फिरली की विचारू नका. ईलिंगच्या शांताबाईंकडे तर कॉपीच्या कॉपीची कॉपी होती. तिच्यात बाई कोण आणि बुवा कोण ते आवाजावरूनच ओळखायचं. तरी दर दिवाळीला लावायच्या आणि संवाद नटांच्या आधी स्वतःच म्हणून टाकायच्या.

गोष्ट अशी. महाबळेश्वरच्या एका लॉजवर, तीन नंबरच्या खोलीत, एक म्हातारा श्रीमंत पाहुणा सकाळी मेलेला सापडतो. ऐन सीझन. खून झालाय म्हटलं की लॉजला टाळं. म्हणून मालक, मॅनेजर आणि आचारी मिळून ठरवतात की पाहुणा जिवंत आहे, फक्त त्याला जरा बरं नाहीये. मग इन्स्पेक्टर येतो, पाहुण्याचे पुतणे येतात आणि दर वेळी आचारी पलंगाखाली शिरून पाहुण्याच्या आवाजात बोलतो. खून कुणी केला म्हणून जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघतोय, आणि बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळतेय. शेवटी इन्स्पेक्टर चादर ओढतो, तर पाहुणा शिंकतो आणि उठून बसतो! आपल्या दुधात विष कोण कालवतंय ते शोधायला त्यानंच मेल्याचं सोंग घेतलेलं असतं.

तो पाहुणा म्हणजे आमचा उदय. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, केसांना पांढरं फासून पडलाय. इतका वेळ श्वास कसा धरलास रे, विचारलं तर म्हणायचा, “ताई, सरकारी नोकरीत लागलो असतो तर जन्मभर हेच करायचं होतं.”

आई त्या सिनेमावर वेडी होती. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, म्युनिसिपल शाळेत तीस वर्षं मास्तरीण. बाबा गेल्यावर चौऱ्याऐंशी साली ती आमच्याकडे पिनरला आली. माझा थोरला भाऊ शशीदादा केंब्रिजला, कसल्याशा प्रोटीनवर संशोधन करतो. त्याच्या घरात आईला करमेना. ती म्हणायची, तिथं सगळे पुस्तकात डोकं घालून बसतात, चमचा पडला तरी सॉरी म्हणतात. उदय मुंबईत, नाटकांच्या दौऱ्यावर, आज इथं तर उद्या तिथं. तो तिचं शेंडेफळ. जीव सगळा त्याच्यावर, राहायचं मात्र माझ्याकडे. मी कधीकधी चिडायचे त्यावरून. चिडणारच ना? पथ्यपाणी मी बघायचं आणि कौतुक त्याचं.

दर शनिवारी जेवण झालं की कॅसेट लागायची. उदय पलंगावर निपचित पडला की आई खुर्चीत पुढे सरकायची आणि म्हणायची, “मुडदा बशिवला मेल्याचा, कसा पडलाय बघ!” चाळीतल्या बायका लाडानं पोरांना असंच बोलतात. माझी मुलगी शिल्पा इथंच जन्मलेली. तिला त्याचा अर्थ मी कधी नीट सांगितला नाही.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत आईचं बायपास झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बारा आठवडे जपा, दगदग नको, मनाला धक्का नको, पंधरा एप्रिलला दाखवायला आणा. हसताना, खोकताना छातीवरचे टाके ओढले जाऊ नयेत म्हणून एक उशी दिली होती, ती छातीशी घट्ट धरायची. आईनं तिला शिल्पाच्या जुन्या फ्रॉकचा अभ्रा शिवून घेतला.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, शुक्रवारी, संध्याकाळी सहाला फोन आला. मी हॉलमध्ये उचलला. उदयची बायको, उल्का.

“ताई,” ती म्हणाली, “बस उलटली. कराडच्या पुढे. उदय गेला.”

बस्स, एवढंच. मग लाइनवर नुसती खरखर. दार उघडं होतं, आतून आई विचारत होती, “कुणाचा गं फोन?”

“राँग नंबर,” मी म्हणाले.

मी कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात काम करते. सरकारी फ्लॅट मिळावा म्हणून लोक काय काय थापा मारतात ते दिवसभर ऐकणं हेच माझं काम. थाप मारणारा माणूस मला समोर बसल्या बसल्या कळतो. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून ते दोन शब्द इतके सहज निघाले की माझी मलाच भीती वाटली. वर जाऊन बाथरूमचे दोन्ही नळ सोडले आणि टॉवेल तोंडात कोंबून रडले. खाली आले आणि आईला रक्तदाबाची गोळी दिली.

शशीदादानं फोनवर सगळं ठरवून टाकलं. तो दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणार, आईला सांगायचं जर्मनीला कॉन्फरन्स आहे.

“आणि तिला पंधरा एप्रिलपर्यंत एक अक्षर कळता कामा नये, शैला.”

“दादा, तिचा मुलगा आहे तो.”

“माहीत आहे मला. पण तिला काही झालं तर? एकाला पोचवतोय तेवढं पुरे आहे. तू सांगितलंस आणि तिचं बरंवाईट झालं, तर जन्मभर मी तुला माफ करणार नाही. बघ मग.”

माझा नवरा जगदीश चांगला माणूस आहे, पण भावंडांच्या वादात पडायचं नाही हा त्याचा बाणा. तो म्हणाला, तुम्ही ठरवाल तसं. शिल्पा सोळा वर्षांची. ती जिन्यावर बसून सगळं ऐकत होती.

“मम्मी,” तिनं हळूच विचारलं, “आपण त्या फिल्ममधल्या लॉजवाले झालो का?”

मी तिच्यावर खेकसले. मग तिला जवळ घेतलं.

शनिवारी मुंबईत संध्याकाळी सातला उदयला नेणार होते. दादा विमानातच असणार होता, उल्काच्या भावानं सगळं करायचं ठरलं. इथं तेव्हा दुपारचा दीड. आईचं जेवण झालं आणि ती म्हणाली, “शैले, कॅसेट लाव.”

“आज नको गं, व्हिडिओ बिघडलाय.”

“काल रात्री तर जगदीश बातम्या टेप करत होता.”

लावली. काय करणार? तिच्या शेजारी सोफ्यावर बसले. टीव्हीवरचं घड्याळ दीड दाखवत होतं आणि खाली काचेत माझा भाऊ पांढऱ्या केसांनी, डोळे मिटून, हात पोटावर ठेवून पडला होता. आचारी त्याच्या नाकाजवळ पीस धरून बघत होता. आईनं उशी छातीशी कवटाळली आणि हसता हसता म्हणाली, “मुडदा बशिवला मेल्याचा, पापणीसुद्धा हलत नाही!” मग माझ्याकडे वळून बघितलं, कारण मी हसले नव्हते. म्हणून मी हसले. तेव्हा मुंबईत काय चाललं असेल ते मला समोर दिसत होतं आणि मी हसत होते. आयुष्यात मी पुष्कळ वाईट गोष्टी केल्या असतील, पण त्या हसण्याइतकी वाईट एकही नाही.

मग सुरू झालं आमचं नाटक. उदयची बातमी इथल्या मंडळींत दोन दिवसांत पसरली होती, आणि आईच्या ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्यांची रांग तर होतीच. मी आईसाठी रजा घेतली होती, दारातच उभी राहायचे. कोट काढता काढता प्रत्येकाच्या कानात सांगायचे, आईला माहीत नाही, चेहरा ठीक करा, मगच आत जा. शांताबाई मेथीचे पराठे घेऊन आल्या, मी सांगितलेलं सगळं ऐकलं, मान डोलावली, आत गेल्या आणि आईला बघताक्षणी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. आई बिचारी त्यांच्याच पाठीवरून हात फिरवतेय.

“अहो शांताबाई, मी ठणठणीत आहे! रडताय काय असं, कुणी मेल्यासारखं?”

मी स्वयंपाकघरात पळाले. ओट्याला धरून उभी राहिले. मला हसू येतंय की रडू ते कळेना.

आता एक सांगते, ते नीट ऐका, कारण घडलं ते सगळं त्यामुळे घडलं. आमच्या घरात रोज सकाळी वंदना असते. पुढच्या खोलीत ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीवर फळी आहे, तिच्यावर बुद्धाची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. आई मेणबत्ती लावणार, मग त्रिशरण, मग पंचशील. आईचा नियम एकच, मोठ्यानं म्हणायचं. पुटपुटलेलं शील म्हणजे न घेतलेलं शील, असं ती शाळेतल्यासारखी बजावायची. जगदीश सहाला कामावर जातो आणि शिल्पा शाळेच्या घाईत असते, म्हणजे राहिलो आम्ही दोघी. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, नशापाणी करणार नाही. आणि त्यात चौथं, खोटं बोलणार नाही.

उदय गेल्यावर पहिल्या सोमवारी मी चौथं शील म्हणायला गेले आणि घशात अडकलं. दिवसभर आईच्या तोंडावर खोटं बोलायचं, आणि सकाळी तिच्याच शेजारी हात जोडून हे व्रत घ्यायचं! निदान ही दुसरी लबाडी तरी नको, असं वाटलं मला. म्हणून मी चौथ्याला नुसते ओठ हलवू लागले. आई मोठ्यानं म्हणते, तिला काय कळणार, असा माझा हिशोब.

उदय दर रविवारी फोन करायचा. आता सांगितलं, कोकणात आत कुठेतरी शूटिंग आहे, तिथं फोन नाही. दुसरा सिनेमा मिळालाय म्हटल्यावर आई इतकी खूश झाली की मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. तिनं सगळ्यांना फोन करून सांगितलं. ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना खरं माहीत होतं. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

उल्का मात्र फोन करायची, आई हट्ट धरायची म्हणून. एकोणतीस वर्षांची पोर. नवऱ्याला जाऊन पंधरा दिवस झालेले आणि फोनवर सासूशी बोलतेय, हो आई, जेवण वेळेवर करतात, हो, स्वेटर नेलाय. एकदा आईनं तिला विचारलं, “उल्का, किती वर्षं झाली आता, काही गोड बातमी?” मी शेजारीच उभी होते. फोनमधून उल्काचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “बघू आई,” ती म्हणाली. आई फोन ठेवून म्हणाली, लाजते अजून पोरगी.

तीन रविवार गेले आणि आई अस्वस्थ व्हायला लागली. असलं कसलं कोकण, पोस्टात फोन नसतो का? जेवण अर्धवट टाकायला लागली. मी दादाला सांगितलं, आता पुरे झालं, सांगून टाकू. तो म्हणाला, मी बघतो काहीतरी. काय बघणार ते बोलला नाही.

चौथ्या रविवारी दुपारी फोन वाजला. आईनंच उचलला आणि किंचाळली, “उदय! अरे कुठं मेला होतास तू?”

खरं सांगते, एक क्षण माझं काळीज उडालं. वाटलं, चूक झाली असेल. दुसराच कुणी होता त्या बसमध्ये. जिना चढून मी बेडरूममधला फोन उचलला. आणि मग कळलं. शशीदादा होता. केंब्रिजहून, फोनवर रुमाल धरून, उदयसारखा भरभर बोलत होता. आवाज तसे दोघांचे सारखेच.

“शांताबाईंना सांग माझं काम आता उभ्यानं आहे,” तो म्हणत होता, आणि आई हसत होती, आणि विचारत होती, खातोस ना, झोपतोस ना.

“झोपायचं कसं विसरेन आई, त्यावरच तर नाव झालं.”

आईनं फोन ठेवला. मी कानाला तसाच धरून होते. दादाला अशा शिव्या घालणार होते की बस्स. पण पलीकडे तो हुंदके देत होता. माझा हा दादा, बाबा गेले तेव्हासुद्धा न रडलेला. मी हळूच फोन खाली ठेवला.

त्या दिवशी आई दोन पोळ्या जेवली. म्हणजे दादाचं बरोबरच होतं का? आपण आईला जगवतोय, असं मी रोज स्वतःला समजावत होते. सकाळी चौथ्या शिलाला तोंड मिटत होते आणि दिवस मोजत होते. पंधरा तारीख आली की सुटले.

सात एप्रिल, मंगळवार. वंदना संपली, मी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले. आई मागोमाग आली आणि टेबलाशी बसली.

“शैले, तू चौथं शील गिळतेस.”

“काय?”

“महिना झाला. पाच शिलं असतात, मला चारच ऐकू येतात.”

“सर्दी झालीय गं मला.”

“सर्दीला बरं कळतं चौथं आलं ते.”

मी तिच्याकडे पाठ करून साखर शोधत राहिले. साखर समोरच होती.

“मी पोरं शिकवलीत तीस वर्षं,” ती म्हणाली. “कुणी लबाडी केली की माझ्याकडे बघायचं सोडून सगळीकडे बघतं. या घरात सध्या कुणीच माझ्याकडे बघत नाही. शिल्पा शाळेतून येते ती तडक वर जाते. शांताबाई गळ्यात पडून रडल्या. आणि डॉक्टरनं तुला बाजूला घेतलं होतं, ते मी बघितलंय. मी मरणार आहे, होय ना?”

मी वळले. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

“घाबरू नकोस,” आईच मला म्हणाली. “मला सत्तर पुरी होतील आता, पुष्कळ झालं. माझी एवढीच मागणी आहे. उदयला बोलावून घे. शूटिंग बिटिंग मला सांगू नकोस, त्यांना म्हणावं आई जातेय त्याची. चार दिवस येऊ दे. एकदा डोळे भरून बघते त्याला, मग माझं काही म्हणणं नाही.”

सांगा, काय करायला हवं होतं मी? आणखी एक थाप? त्याला व्हिसा मिळत नाही म्हणू? आठ दिवस ढकलायचे होते फक्त. आठच. पण ती अशी बघत होती माझ्याकडे. आपल्या मरणाची तयारी करून बसली होती आणि मुलाची वाट बघत होती.

“आई, तू मरत नाहीयेस.”

“मग?”

“उदय येऊ शकत नाही.”

“का?”

पाण्याला उकळी आली होती. दादाचा आवाज माझ्या कानात होता, जन्मभर माफ करणार नाही. मी तिच्यापुढे खाली फरशीवर बसले आणि तिचे दोन्ही गुडघे धरले.

“उदय गेला आई. अठ्ठावीस फेब्रुवारीला. दौऱ्याची बस उलटली.”

मी तिच्या छातीकडे बघत होते, वाटत होतं आता काहीतरी होईल, आता हात छातीवर जाईल. ती उठली, गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

“फोनवर कोण होतं?”

“दादा.”

“जर्मनी?”

“तेव्हा तो मुंबईला गेला होता.”

“नेलं कधी त्याला?”

“दुसऱ्या दिवशी. शनिवारी सात वाजता.” तिनं विचारायच्या आत मीच सांगितलं, कारण आता एकही गोष्ट लपवायची माझ्यात ताकद नव्हती. “आपल्याकडे दीड.”

शिक्षिका होती ती, वार आणि वेळ तिला पाठ. शनिवारी दीड वाजता आपण कुठं बसलो होतो ते तिला माझ्या तोंडून ऐकावं लागलं नाही. तिचे ओठ हलले.

“मी त्याला मुडदा म्हणाले,” आई म्हणाली. “त्याला तिकडे अग्नी देत होते आणि मी इकडे हसून मुडदा म्हणाले. आणि तू माझ्याकडे बघून हसलीस.”

“आई, डॉक्टर म्हणाले होते की धक्का—”

“डॉक्टरनं माझं काळीज कापून शिवलं. त्याची आई आहे मी, त्यातून रजा नव्हती दिली मला.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवायला गेले. तिनं माझे हात सोडवले, रागानं नाही, अगदी हळू. उठून हॉलमध्ये गेली आणि चष्मा लावून, वहीतला नंबर बघून, स्वतः फोन फिरवला. मी दारात उभी राहिले.

“उल्का, मी आई बोलतेय. मला कळलंय बाळा.” आणि मग, “आता रड. माझ्याशी बोलताना हसत होतीस ना महिनाभर? आता रड, मी ऐकतेय. मी कुठंही जात नाही.”

मग ती अर्धा तास तशीच उभी होती. फोनमधून उल्काचं रडणं हॉलभर ऐकू येत होतं. आई मधूनच “हो गं, हो” म्हणायची आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी ब्लाउजवर पडत होतं, पुसतसुद्धा नव्हती. उशी पुढच्या खोलीत राहिली होती. मी नेऊन दिली. तिनं घेतली नाही.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. चाळीस वर्षांची बाई मी, पण लहान पोरीसारखं तोंडातून निघून गेलं.

“आई, माझाही भाऊ होता गं तो. मी कुणाजवळ रडले नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माझी दया येत होती, ते दिसत होतं मला.

“कळतंय मला,” ती म्हणाली. “पण आज नको शैले. आज मी फक्त त्याचीच आई आहे. मला एवढा दिवस दे. तुम्ही सगळ्यांनी मिळून एकोणचाळीस घेतलेत.”

ती पुढच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी हॉलमध्ये जिन्यावर बसले, शिल्पा शाळेतून येईपर्यंत.

पंधरा तारखेला मी तिला हॉस्पिटलला घेऊन गेले. त्या आठ दिवसांत आम्ही जेवलो, गोळ्या घेतल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा दिला. मुंबईहून आणलेला उदयचा मोठा फोटो दादानं फ्रेम करून आणला, आईनं तो फळीवर ठेवला. दादा तिच्या पायाशी बसून रडला, तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याशी ती चांगलंच बोलायची. मीठ कमी झालंय, खिडकी लाव, असं.

डॉक्टर तरुण होते, हसतमुख. त्यांनी तपासलं, आलेख बघितला आणि म्हणाले की काळजीचं काहीच कारण नाही, हृदय उत्तम चाललंय, इतकं चांगलं मलाही अपेक्षित नव्हतं. ते ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मला फक्त एवढंच कळलं, की तिनं ते पहिल्या दिवशीही सोसलं असतं.

झोप कशी लागते, त्यांनी विचारलं. इंग्लिशमध्ये विचारलं, म्हणून आईही इंग्लिशमध्येच बोलली, तिच्या शाळेतल्या, एकेक शब्द सुटा करून म्हणायच्या इंग्लिशमध्ये. झोप नाही. माझा मुलगा वारला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आय ॲम सो सॉरी, म्हणाले. कधी?

“लास्ट ट्यूजडे,” आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

“ओह, इतक्यातच? इथं, लंडनमध्ये?”

“पिनर,” आई म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. “इन हर किचन.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी त्यांना “येस” म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.